कब्ज जिंकले, पण पिचिंगचं गणित आदल्या रात्रीच बिघडलं होतं

प्रश्न असा आहे: २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना शिकागो कब्जने क्लीव्हलंडविरुद्ध दहा इनिंगमध्ये (नेहमी नऊ असतात) ८-७ असा जिंकला. १९०८ नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद. तरीही कब्जचा मॅनेजर जो मॅडनने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, कसे वापरले यावर अजून वाद होतात. जिंकलेल्या सामन्यावर टीका कसली? सामना सुरू करणारा पिचर हेंड्रिक्स छान टाकत असताना त्याला का काढलं, आणि चॅपमनसारखा माणूस नेमक्या वेळी का फुटला?

आधी माझं मत सांगतो. सातव्या सामन्यात मॅडनने घेतलेले बहुतेक निर्णय समर्थनीय होते, एकदोन घाईचे होते. खरी चूक १ नोव्हेंबरच्या रात्री, सहाव्या सामन्यात झाली, तीही कब्ज ७-२ ने पुढे असताना. तिची किंमत २ नोव्हेंबरला वसूल झाली. म्हणून सातव्या सामन्याचं स्कोअरकार्ड एकटं वाचलं की हिशेब लागत नाही; पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन सामने शेजारी ठेवूनच पाहावं लागतं.

बेसबॉलला नवे असलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक इनिंगमध्ये आधी पाहुणा संघ (वरचा अर्धा) आणि मग यजमान संघ (खालचा अर्धा) तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतो; रनर, म्हणजे धावणारा फलंदाज, तीन बेस ओलांडून घरी, म्हणजे प्लेटवर, परतला की एक धाव. आता पिचरबद्दल दोन नियम. एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आणि क्रिकेटमध्ये टी-ट्वेन्टीत बुमराला चारच षटकं मिळतात, तशी इथे एका पिचरने किती टाकायचं यावर नियमाची मर्यादा नाही. मर्यादा असते ती खांद्याची आणि कोपराची. त्यामुळे कर्णधार जसा षटकं राखून ठेवतो, तसं मॅनेजरला माणसाची ताकद राखून ठेवावी लागते, आणि ही ताकद फलकावर दिसत नाही.

आता चॅपमनचा हिशेब. अरोल्डिस चॅपमन हा कब्जचा क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग बंद करणारा पिचर. डावखुरा, ताशी १०० मैलांच्या पुढे टाकणारा. जुलै २०१६ मध्ये न्यू यॉर्क यांकीजकडून त्याला आणताना कब्जने ग्लेबर टोरेससारखा होतकरू खेळाडू दिला होता. अशा माणसाकडून नेहमी एका रात्री एक इनिंग, म्हणजे तीन बाद, एवढीच अपेक्षा असते.

३० ऑक्टोबर, पाचवा सामना, रिग्ली फील्ड. कब्ज मालिकेत ३-१ ने मागे. हरले तर खेळ खलास. मॅडनने चॅपमनला सातव्या इनिंगमध्ये, एक बाद असताना आणलं आणि शेवटपर्यंत टाकायला लावलं. आठ बाद, ४२ चेंडू. कब्ज ३-२ ने जिंकले. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. उद्या सामनाच नसेल तर राखून ठेवायचं कोणासाठी? शिवाय ३१ तारखेला सामना नव्हता.

१ नोव्हेंबर, सहावा सामना, क्लीव्हलंड. अॅडिसन रसेलने तिसऱ्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना कुंपणापलीकडे मारलेला होम रन, चार धावा) मारला आणि सामना लवकरच एकतर्फी झाला. जेक अरिएटाने पाच इनिंग आणि दोन बाद इतकं टाकलं, माइक माँटगोमेरीने पुढची एक इनिंग भरून काढली. सातव्या इनिंगमध्ये दोन बाद, दोन रनर बेसवर, समोर फ्रान्सिस्को लिंडॉर, फलक ७-२. इथे मॅडनने चॅपमनला बोलावलं. लिंडॉर पहिल्या बेसवर रीप्ले पाहून बाद ठरला. मग आठवी इनिंग चॅपमननेच टाकली. नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात अँथनी रिझोने दोन धावांचा होम रन मारून आघाडी ९-२ केली, आणि तरीही खालच्या अर्ध्यात चॅपमन परत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर! एका फलंदाजाला वॉक (चार चेंडू बाहेर गेल्याने फुकट मिळणारा पहिला बेस) दिल्यावर मग त्याला काढलं. २० चेंडू. निकाल ९-३.

मॅडनची बाजू पूर्ण टाकाऊ नाही. लिंडॉर, पुढे नॅपोली आणि रामिरेझ, हा फलंदाजीचा सर्वांत धोक्याचा पट्टा होता. तिथे तीन धावांचा होम रन बसला असता तर ७-५ झाले असते. शिवाय पेड्रो स्ट्रॉप आणि हेक्टर राँडन हे दोन नेहमीचे उजव्या हाताचे रिलीव्हर (सामन्यात मागून येणारे पिचर) हंगामाच्या उत्तरार्धात जायबंदी होऊन परतले होते, आणि त्यांच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. हे समजण्यासारखं आहे. पण लिंडॉर बाद झाल्यावर फलक ७-२ होता आणि सहाच बाद हवे होते. तिथून चॅपमनला पुन्हा बसवून पुन्हा उठवण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

आकडा फक्त वीस दिसतो, म्हणून वाचणारे फसतात. पिचरच्या थकव्यात तीन गोष्टी असतात, आणि स्कोअरकार्डवर त्यातली एकच लिहिली जाते.

पहिली म्हणजे सामन्यातले चेंडू. दुसरी म्हणजे बुलपेनमधलं, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेतलं, गरम होणं. रिलीव्हर आत येण्याआधी साधारण पंधरा ते पंचवीस चेंडू टाकतो, त्यातले शेवटचे काही पूर्ण जोराने. माउंडवर आल्यावर आणखी सहाआठ. तीन रात्री आत आलात म्हणजे ही किंमत तीनदा मोजली. तिसरी गोष्ट अप-डाउनची. इनिंग संपली, तुम्ही डगआउटमध्ये बसलात, आपली फलंदाजी वीस मिनिटं चालली, अंग थंड झालं, मग पुन्हा उठून पूर्ण जोर लावायचा. स्टार्टरच्या, म्हणजे सामना सुरू करून सहा इनिंग टाकणाऱ्या पिचरच्या, शरीराला ही सवय असते, कारण त्याचा आठवडाच त्यावर बेतलेला असतो. क्लोजरचं शरीर एकदाच पेटून विझायला तयार केलेलं असतं. सहाव्या सामन्यात चॅपमन दोनदा बसला आणि दोनदा उठला.

सातव्या सामन्यात त्याने ३५ चेंडू टाकले. ४२, २० आणि ३५ मिळून ९७. एखादा स्टार्टर एका रात्री ९७ टाकतो तेव्हा आपण काही बोलत नाही, पण त्याला पुढे चार दिवस विश्रांती असते. चॅपमनने ते चार दिवसांत, तीन हप्त्यांत, प्रत्येक चेंडू जवळपास पूर्ण ताकदीने टाकले.

हे डोक्यात ठेवून सातवा सामना पाहू.

काइल हेंड्रिक्सला नेहमीची चार दिवसांची विश्रांती मिळालेली होती. त्या हंगामात त्याची धावसरासरी, म्हणजे ईआरए, २.१३ होती, मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, सर्वांत कमी. त्याचा फास्टबॉल ताशी ८८ मैलांच्या आसपास, म्हणजे या पातळीवर संथच. त्याचं सगळं भांडवल जागेवर टाकणं आणि त्याच हाताच्या वेगाने सुटणारा चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू. डेक्स्टर फाउलरने सामन्याच्या पहिल्याच फलंदाजीत क्लीव्हलंडचा स्टार्टर कोरी क्लूबरला होम रन मारला, क्लीव्हलंडने तिसऱ्या इनिंगमध्ये बरोबरी केली, पण पुढे कब्जने चौथ्या आणि पाचव्या इनिंगमध्ये मिळून ५-१ अशी आघाडी घेतली.

पाचव्या इनिंगचा खालचा अर्धा. दोन बाद, बेस रिकामे. समोर कार्लोस सँटाना, क्लीव्हलंडचा पहिला फलंदाज, म्हणजे फलंदाजीचा क्रम हेंड्रिक्ससमोर तिसऱ्यांदा सुरू होत होता. सँटानाला वॉक मिळाला, आणि त्यातला निर्णायक चेंडू स्ट्राइक (मारण्याजोगा, फलंदाजाच्या विरोधात मोजला जाणारा) द्यायला हवा होता असं वाटण्याइतका जवळचा होता. हेंड्रिक्सचे एकूण ६३ चेंडू झाले होते. मॅडन बाहेर आला आणि त्याने जॉन लेस्टरला बोलावलं.

‘तिसऱ्यांदा’ ही गोष्ट महत्त्वाची का? फलंदाज एकाच पिचरला जितक्या वेळा पाहतो तितका त्याचा अंदाज पक्का होतो: चेंडू हातातून सुटताना कसा दिसतो, चेंजअप किती खाली पडतो. वेगावर जगणाऱ्यापेक्षा फसवणुकीवर जगणाऱ्या पिचरला याची भीती जास्त असावी असं वाटतं. म्हणून आजकालचे मॅनेजर तिसऱ्या फेरीच्या तोंडावर बुलपेनकडे बघतात. सॉफ्टबॉल खेळलेल्या आपल्याकडच्या मंडळींना हे विचित्र वाटतं, कारण तिथे चांगला पिचर सातही इनिंग टाकतो आणि दुसऱ्या दिवशीही टाकतो. पण खालून, कमरेजवळून हात फिरवणं आणि वरून खांद्याच्या जोरावर फेकणं या शरीरासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेजर लीगचा फलंदाज तिसऱ्या भेटीत सहसा सोडत नाही.

तरी माझ्या मते हा निर्णय घाईचा होता. चार धावांची आघाडी, दोन बाद, एकच रनर, आणि पिचर जोरात मार खात नव्हता. तिसरी फेरी हा इशारा आहे, फतवा नाही. समोरचा जेसन किपनिस डावखुरा होता आणि हेंड्रिक्सचा चेंजअप डावखुऱ्यांसाठीच बनलेला आहे. एक फलंदाज आणखी दिला असता, किपनिसने अगदी होम रन मारला असता, तरी ५-३ झाले असते. प्रत्यक्षातही ५-३ च झाले, पण फार विचित्र रीतीने.

लेस्टर आला तो इनिंगच्या मध्यात, बेसवर रनर असताना. हंगामात १९ विजय आणि २.४४ ईआरए असलेला डावखुरा स्टार्टर. पाचवा सामना त्यानेच सुरू केला होता. मधे फक्त दोन दिवस विश्रांती. हे ऐकायला धोक्याचं वाटतं, पण त्यात तितकं वावगं नव्हतं. स्टार्टर दोन सामन्यांच्या मधे दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बुलपेनमध्ये हलका सराव म्हणून तीसेक चेंडू टाकतोच. सातव्या सामन्यात स्टार्टरला रिलीव्हर म्हणून आणतात तेव्हा तोच सराव सामन्यात खर्च होतो, अर्थात जास्त जोराने. अडचण वेगळी असते. स्टार्टरला गरम व्हायला वेळ लागतो, त्याचा क्रम ठरलेला असतो, आणि रनर बेसवर असताना घाईत आत येण्याची त्याला सवय नसते. लेस्टरची तर आणखी एक उघड दुखरी जागा होती: पहिल्या बेसकडे चेंडू फेकणं त्याला जमत नसे, ते सगळ्या लीगला ठाऊक होतं. म्हणून त्याला नवीन इनिंगच्या सुरुवातीला, रिकाम्या बेसवर आणावं असा संकेत होता. मॅडनने तो मोडला.

सँटाना संथ धावणारा, तो बेस चोरणार नव्हता. त्यामुळे लेस्टरच्या त्या दोषाची भीती तिथे फारशी नव्हती. नुकसान झालं ते दुसऱ्याच बाजूने. लेस्टरबरोबर त्याचा नेहमीचा कॅचर (प्लेटमागे चेंडू घेणारा) डेव्हिड रॉसही आला, विल्सन काँट्रेरास बाहेर गेला. ३९ वर्षांचा रॉस थंड अंगाने मैदानात उतरला. किपनिसने प्लेटसमोर हळू लोळणारा चेंडू मारला, रॉसने उचलून पहिल्या बेसकडे भलतीकडेच फेकला, आणि रनर दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर. मग लेस्टरचा एक चेंडू जमिनीवर आपटून रॉसच्या मास्कवर आदळला, रॉस कोलमडला आणि दोन्ही रनर घरी आले. एका वाइल्ड पिचवर, म्हणजे भरकटलेल्या चेंडूवर, दोन धावा! ५-३. लिंडॉरला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून लेस्टरने इनिंग संपवली.

पिचर बदलताना कॅचरही बदलावा लागत असेल तर तुम्ही दोन थंड माणसं एकदम आत आणता, हे इथून शिकण्यासारखं आहे. कॅचर आधीपासून बुलपेनमध्ये चेंडू घेत असला तरी हलत्या खेळात वाकणं, उचलणं आणि फेकणं हे वेगळं. आणि याच बदलाचा दुसरा चेहराही पाहा: सहाव्या इनिंगमध्ये त्याच रॉसने क्लीव्हलंडच्या अँड्रू मिलरला होम रन मारला. ६-३. काँट्रेरास राहिला असता तर तो होम रन नसता. निकालावरून निर्णय तोलायला गेलं की असा गोंधळ होतो. एकाच बदलाने दोन धावा घालवल्या आणि एक मिळवून दिली.

त्यानंतर लेस्टरने जे केलं ते या सामन्यातलं सर्वांत दुर्लक्षित काम आहे. त्याने पूर्ण तीन इनिंगांइतकं टाकलं, म्हणजे नऊ बाद, ५५ चेंडूंत. मिलरसारख्या खास रिलीव्हरला कब्जनी मारलं म्हणून सगळे त्याचंच बोलतात, पण पाचव्यापासून आठव्यापर्यंतचा पूल लेस्टरने बांधला नसता तर चॅपमनला किती आधी यावं लागलं असतं ते मोजून पाहा.

आठवी इनिंग. दोन बाद, बेस रिकामे, ६-३. चार बाद उरले. होसे रामिरेझने इनफिल्डमध्येच (आतल्या मैदानात) एक सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपुरता फटका, काढला. लेस्टरला फटका बसला नव्हता. चेंडू नुसता जिथे कोणी नव्हतं तिथे गेला. मॅडनने चॅपमनला बोलावलं.

इथे पुढचे फलंदाज कोण होते ते पाहिलं पाहिजे. ब्रँडन गायर, उजव्या हाताने मारणारा, आणि डावखुऱ्या पिचरविरुद्ध विशेष चांगला. मग रजाई डेव्हिस, तोही उजवा. मग कोको क्रिस्प, दोन्ही बाजूंनी मारणारा. गायर त्या जागी होताच कशामुळे? सुरुवातीला तिथे डावखुरा लॉनी चिझनहॉल होता. लेस्टर डावखुरा असल्यामुळे क्लीव्हलंडचा मॅनेजर टेरी फ्रँकोनाने त्याच्या जागी गायर आणला. म्हणजे पाचव्या इनिंगमधल्या लेस्टरच्या बदलाने आठव्या इनिंगमधला गायर उभा केला, आणि आता त्याच्यासमोर आणखी एक डावखुरा पिचर, तोही थकलेला.

ताजा चॅपमन असता तर हात कोणताही असो, फरक पडला नसता; १०२ मैलांच्या चेंडूपुढे उजवा-डावा हा हिशेब गळून पडतो. पण वेग दोनचार मैलांनी उतरला की तो हिशेब परत येतो. गायरने डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा फटका) मारला, रामिरेझ घरी आला, ६-४. डेव्हिसने बॅट खालून दोन-तीन बोटं वर धरली, म्हणजे झोका छोटा आणि चेंडूपर्यंत लवकर पोचणारा. अनेक चेंडू त्याने फाउल करून, म्हणजे रेषेबाहेर मारून, सोडवले. २-२ वर (दोन बाहेरचे चेंडू, दोन स्ट्राइक) आलेला फास्टबॉल ९७-९८ मैलांचा, खाली आणि आतल्या बाजूला. डाव्या कुंपणावरून सरळ रेषेत बाहेर. ६-६.

थकलेल्या पिचरचं लक्षण काय, असं विचारलं तर लोक वेग सांगतात. वेग उतरतोच, पण त्याहून आधी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे चेंडूची जागा: कॅचरचा ग्लोव्ह एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे, बहुधा पिचरच्या हाताच्या बाजूला आणि वर. दुसरी म्हणजे बाद करायचा शेवटचा चेंडू. दोन स्ट्राइक झाल्यावर फलंदाज फाउलवर फाउल मारत राहतो, कारण चेंडूचा शेवटचा फणकारा गेलेला असतो. डेव्हिसची फलंदाजी लांबत गेली तेव्हाच ते दिसत होतं. पाचव्या-सहाव्या चेंडूला त्याच वेगाची सवय झालेल्या फलंदाजाला आणखी एक फास्टबॉल देणं ही पिचर-कॅचर जोडीचीही चूक होती. पुढच्या नवव्या इनिंगमध्ये चॅपमनने स्लायडर जास्त वापरला आणि तिघांना ओळीने बाद केलं, हे त्याचं उत्तर.

मग आठव्या इनिंगमध्ये आणायचं कोणाला? माझं उत्तर: गायरसमोर उजव्या हाताचा पिचर. कार्ल एडवर्ड्स ज्युनियर तयार ठेवता आला असता. तो बाद करतो की नाही हे पाहून चॅपमनला नवव्या इनिंगची स्वच्छ सुरुवात द्यायची. पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. दहाव्या इनिंगमध्ये एडवर्ड्ससमोर हेच दोघे आले: गायरला वॉक मिळाला आणि डेव्हिसने सिंगल मारून धाव काढली. म्हणजे पर्याय होता, खात्री नव्हती. आणि मॅडनजवळ ताजा चॅपमन असता तर हा प्रश्नच पडला नसता. गाडी पुन्हा सहाव्या सामन्याकडेच येते.

डेव्हिसनंतर क्रिस्पनेही सिंगल मारला, तरी मॅडनने चॅपमनला काढलं नाही. यान गोम्स स्ट्राइकआउट झाला. नवव्या इनिंगमध्येही चॅपमनच. लोक याला वेडेपणा म्हणतात. मला तो त्या रात्रीचा सर्वांत धाडसी आणि बहुधा योग्य निर्णय वाटतो. समोर सँटाना, किपनिस, लिंडॉर: दोघे दोन्ही बाजूंनी मारणारे, एक डावखुरा. एक धाव झाली की हंगाम संपला. एडवर्ड्स नवखा, बाकीच्यांवर विश्वास नाही. दमलेला चॅपमनही त्या क्षणी उपलब्ध माणसांत सर्वांत वरचा होता, फक्त त्याने वेगळ्या चेंडूंवर भर द्यायला हवा होता, आणि तो दिला.

नवव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात मॅडनने एक निर्णय घेतला ज्याचा पिचिंगशी थेट संबंध नाही, पण सोडवत नाही. तिसऱ्या बेसवर जेसन हेवर्ड, एक बाद, हावियर बाएझ ३-२ वर, आणि त्याला बंट करायला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता ढकलायला, सांगितलं. दोन स्ट्राइक असताना बंट फाउल गेला तर फलंदाज बाद. तसंच झालं. शिकाऊ पोरांनाही हे पहिल्या आठवड्यात सांगतात. मॅडनला सूट देत बसायचं नाही; हा निर्णय साधा वाईट होता.

मग पाऊस. १७ मिनिटं खेळ थांबला. हेवर्डने सहकाऱ्यांना वेट रूममध्ये जमवून चार शब्द सांगितले, त्याचं कौतुक झालं ते झालं. पिचिंगच्या बाजूने पाहिलं तर फटका क्लीव्हलंडला बसला. ब्रायन शॉ नवव्या इनिंगमध्ये आत आलेला होता. तो बसला आणि १७ मिनिटांनी परत दहावीसाठी उठला. अप-डाउन, वर सांगितलं तेच. काइल श्वारबरचा सिंगल, त्याच्या जागी धावायला अल्बर्ट अल्मोरा. क्रिस ब्रायंटने मध्यभागी खोल फटका मारला, तो झेलला गेला, पण अल्मोरा टॅग अप करून, म्हणजे झेल होईपर्यंत बेसवर थांबून मग धावत, दुसऱ्या बेसवर पोचला. हा एक धावता निर्णय मला मॅनेजरांच्या सगळ्या निर्णयांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्याने पहिला बेस रिकामा झाला आणि फ्रँकोनाला रिझोला मुद्दाम वॉक देण्याचा मोह झाला. (२०१६ मध्ये त्यासाठी चार चेंडू खरोखर बाहेर टाकावे लागत, नुसत्या इशाऱ्याने वॉक २०१७ पासून.) बेन झोब्रिस्टने डाव्या रेषेलगत डबल काढला, ७-६. मग रसेललाही मुद्दाम वॉक, आणि मिगेल माँटेरोचा सिंगल, ८-६. माँटेरो हा त्या रात्रीचा तिसरा कॅचर. नवव्यात रॉसच्या जागी धावण्यासाठी बदली खेळाडू आणला, म्हणून माँटेरो आत आला. संघात तीन कॅचर ठेवणं चैनीचं वाटतं. त्या रात्री तिघेही वापरले गेले, आणि तिघांनीही फलंदाजीत एकेक धाव मिळवून दिली.

खालची दहावी. एडवर्ड्सने माइक नॅपोलीला स्ट्राइकआउट केलं, रामिरेझला ग्राउंड आउट. मग गायरला वॉक, तो न अडवता दुसऱ्या बेसवर, डेव्हिसचा सिंगल, ८-७. आता मॅडनने डावखुऱ्या माँटगोमेरीला आणलं. जुलैमध्ये सिअॅटलकडून आलेला हा माणूस, ज्याच्या नावावर मेजर लीगमध्ये एकही सेव्ह (आघाडी शेवटपर्यंत राखल्याची नोंद) नव्हता. तो योग्य का होता? त्याचा कर्व्हबॉल. बरोबरीची धाव पहिल्या बेसवर, एक बाद हवा, म्हणजे जमिनीवर मार खाणारा चेंडू हवा, आणि समोरचा फलंदाज कमकुवत.

समोर होता मायकेल मार्टिनेझ, बाकावरचा बदली खेळाडू. तो तिथे का होता? नवव्या इनिंगमध्ये हेवर्ड तिसऱ्या बेसवर असताना फ्रँकोनाने आउटफिल्डमधून फेक जोरात यावी म्हणून क्रिस्पला काढून मार्टिनेझला आणलं होतं. फेक करायची वेळच आली नाही. पण क्रिस्पची फलंदाजीची जागा मार्टिनेझला मिळाली, आणि वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बाद त्याच जागेवर आला. मॅडनच्या चुकांची यादी करताना ही गोष्ट लोक विसरतात. फ्रँकोनाने क्लूबरला पहिल्या, चौथ्या आणि सातव्या सामन्यात वापरलं, प्रत्येक वेळी मधे तीनच दिवस. पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याच्यावर एकच धाव झाली. सातव्यात त्याने जेमतेम चार इनिंग टाकून, एकही स्ट्राइकआउट न घेता चार धावा दिल्या. मिलर महिनाभर राबून शेवटी रिकामा झाला. दोन्ही मॅनेजरांनी आपल्या सर्वोत्तम पिचरला शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. फरक इतकाच की क्लीव्हलंडजवळ जायबंदी पिचरांमुळे दुसरा इलाज नव्हता, आणि मॅडनजवळ सहाव्या सामन्यात पाच धावांची आघाडी होती.

माँटगोमेरीचा पहिला चेंडू कर्व्हबॉल, स्ट्राइक. दुसऱ्यावर मार्टिनेझने तिसऱ्या बेसकडे हळू लोळता फटका मारला, ब्रायंटने पुढे येऊन उचलला, पाय थोडा घसरला, पण फेक रिझोच्या ग्लोव्हमध्ये. दोन चेंडूंत सेव्ह.

स्कोअरकार्डवर विजय कोणाच्या नावे आहे ते शेवटी पाहून घ्या. हेंड्रिक्सच्या नाही, कारण त्याने पाच इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या, आणि तो गेल्यावर बरोबरीही झाली. लेस्टरच्याही नाही. कब्जने निर्णायक आघाडी घेतली तेव्हा नोंदीतला पिचर होता चॅपमन. आघाडी घालवल्याची नोंद त्याच्या नावे, आणि विजयही त्याच्याच नावे.